लोकल म्हणजे घरी लवकर, असं कोण म्हणालं?

मी कळंबोलीत राहतो आणि न्हावा शेवा बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवतो. याला आम्ही लोकल म्हणतो, बंदर ते जवळपासची यार्डं. त्याआधी बरीच वर्षं लाईनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रकवर होतो. आमच्या आष्टीकडची पोरं फोन करतात, "दादा, लाईन सोडून लोकलला यावं का?" प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

आधी लाईनचं. माझा रूट कोलकात्याचा. जाताना मिळेल तो माल, येताना बहुतेक वेळा दुर्गापूर नाहीतर जमशेदपूरची कॉइल, कळंबोलीच्या स्टील मार्केटसाठी. संबलपूर, रायपूर, नागपूर, अकोला, धुळे, मग कसारा घाट. सरकारनं हायवेचे नंबर बदलले तरी जुने ड्रायव्हर धुळ्यापर्यंतच्या रस्त्याला अजून सहा नंबरच म्हणतात. कॉइल म्हणजे वीस-पंचवीस टनांचं एकच वेटोळं, पाठीमागं चेननं आवळलेलं. करकचून ब्रेक मारला आणि चेन तुटली, तर ते केबिन घेऊनच पुढं जातं. असा माल घेऊन पहाटे चारला डुलकी आवरत गाडी हाकायची.

आता गंमत बघा. मालाच्या कागदाला घड्याळ आहे. ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा माल नेण्याचा कागद, २०१८ ला आलं तेव्हा दर १०० किलोमीटरला एक दिवस मिळायचा, २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस. कोलकाता-मुंबई दोन हजार किलोमीटर धरा, म्हणजे सरकारी कागद दहा दिवस चालतो. शेठला मात्र सहाव्या दिवशी गाडी खाली झालेली पाहिजे. आणि खरं सांगायचं तर शेठपेक्षा जास्त घाई आम्हालाच असायची. ट्रिपचा खर्च ठोक मिळतो. डिझेल, जेवण, वाटेतली देणीघेणी त्यातच. दोन रात्रीची झोप मारली की पुढची ट्रिप लवकर पकडता येते. झोप विकून पैसे कमवायचे, दुसरं काही नाही.

कायदा नव्हता असं नाही. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला परवानगीनं १० आणि ५४. सलग ५ तास काम झालं की अर्धा तास विश्रांती, एका दिवसाची ड्युटी संपून दुसरी सुरू होईपर्यंत सलग ९ तासांची सुट्टी, जादा कामाला दुप्पट पगार. वाचताना वाटतं हे विलायतेचं काहीतरी आहे. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आमच्या शेठच्या गाड्या चार, ड्रायव्हर चार, आणि क्लीनर कागदावर कधीच नसतो. संपला विषय.

धुळ्याच्या अलीकडं एका धाब्यावर जालंधरचा एक ड्रायव्हर भेटायचा. त्याचा पुतण्या कॅलिफोर्नियात ट्रक चालवतो. तिकडं म्हणे ११ तासच गाडी चालवायची, तीही ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत, मग सलग १० तास सुट्टी. गाडीत तास मोजणारं मशीनच बसवलेलं, तपासणीत पोलीस थेट त्यातला हिशोब बघतात. आणि जो तळापासून साधारण पावणेतीनशे किलोमीटरच्या आतच फिरतो आणि १४ तासांत परत येतो, त्याला मशीनची सक्ती नाही. मला तेव्हा वाटलं, बरोबर आहे, लोकलवाल्याला कशाला पाहिजे मोजमाप? तो तर संध्याकाळी घरीच असणार.

लाईन का सोडली ते थोडक्यात. मला शुगर निघाली, थोरलीची दहावी आली, आणि बायको एकदा म्हणाली, "घरातला गॅस संपला तरी मी आधी तुमचं लोकेशन बघते आणि मग शेजारच्यांना सांगते." दाजी आधीपासून न्हावा शेवाला होते. त्यांनी शब्द टाकला. मी विचारलं, "दाजी, ड्युटी किती तासांची?" ते हसले. "ड्युटी कसली, नंबर लागला की ड्युटी."

ते काय म्हणाले हे पहिल्याच आठवड्यात कळलं. लोकलचं काम असं: पोर्टात पाच टर्मिनल. आयातीचा डबा, म्हणजे कंटेनर, टर्मिनलमधून उचलायचा आणि द्रोणागिरी, जासई, चिरनेर या बाजूच्या कुठल्यातरी यार्डात नेऊन टाकायचा. निर्यातीचा असला तर फॉर्म १३, म्हणजे पोर्टात शिरायचा कागद, घेऊन डबा आत न्यायचा. रिकामा असला तर एम्प्टी यार्डात. दिवसभरात गाडी चालते किती? साठ-सत्तर किलोमीटर. लाईनवर तेवढं चहाच्या आधी व्हायचं. बाकी सगळा वेळ रांगेत. पहिला गियर, दहा फूट, न्यूट्रल. परत पहिला गियर. मे महिन्यात करळ फाट्याच्या आसपास ट्रेलरच्या रांगेत बसून बघा. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झालीय, पण आमचा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, त्याच्या कितीतरी आधीचा.

रांगेत झोपताही येत नाही. पुढची गाडी हलली आणि तुम्ही हलला नाहीत तर मागचा डाव्या बाजूनं घुसतो, मग मारामारी. आत गेल्यावर खाली उतरून चारी कोपऱ्यांचे लॉक स्वतः खोलायचे. एक जरी अडकलेलं राहिलं तर क्रेन डब्याबरोबर ट्रेलरही उचलते. मागची चाकं हवेत गेलेली मी डोळ्यांनी बघितलीत. सोळा तास जागलेला माणूस ते लॉक तपासत असतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

आता त्या जुन्या कायद्याकडं परत येतो, कारण त्यात एक ओळ होती जी लोकलवाल्यानं पाठ करावी. कामाचे तास म्हणजे ड्रायव्हर मालकाच्या हुकमतीत असतो तो वेळ. गाडी चालवणं धरलं, भरणं-उतरवणं धरलं, गाडीची देखभाल धरली. आणि शेवटच्या ठिकाणी नुसतं हजर राहणं? तेही धरलं, पण १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तरच, तसं स्पष्ट लिहिलेलं. आमचं सगळं भांडण या १५ मिनिटांच्या पलीकडचं. यार्डाच्या गेटवर सहा तास उभा आहे तो मी कामावर का आरामात? माझं म्हणणं साधं आहे: ज्या रांगेत हात स्टेअरिंगवरून काढता येत नाही ती रांग म्हणजे ड्युटी. शिवाय त्याच कायद्यात होतं की ड्युटी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, मधली विश्रांती धरूनही, १२ तासांच्या वर पसरता कामा नये. बहुतेक लोकलवाल्यांची ड्युटी ही १२ तासांची मर्यादाच मोडते, पण तो आकडा कुणाला माहीतच नसतो. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या श्रमसंहितेत गेला. ८ तासांचा आकडा तिथंही आहे.

पहिला लोकलचा शेठ ट्रिपवर पैसे द्यायचा. म्हणजे रांग फुकट. गाडीला जीपीएस होतं. डिझेलचा संशय आला की गाडी कुठं किती मिनिटं थांबली ते मोबाईलवर दाखवायचा. मी म्हटलं, "शेठ, मग त्याच्यावरच वेटिंग मोजा ना." तर म्हणाला, "जीपीएसचा काय भरवसा?"

तिथून निघालो. आता आहे तिथं महिन्याचा पगार आहे, ट्रिपचा भत्ता वरून, आणि मुख्य म्हणजे एका गाडीवर दोन ड्रायव्हर पाळीनं. गाडी रांगेत असली तरी पाळी संपली की दुसरा मोटारसायकलवर येतो, मी तीच मोटारसायकल घेऊन घरी. पैसे लाईनपेक्षा कमी आहेत, खोटं बोलणार नाही. पण गॅस आता मीच आणतो.

तेव्हा पोरांनो, यायच्या आधी "पगार किती" हे नंतर विचारा. आधी विचारा की बदली ड्रायव्हर आहे का आणि वेटिंगचे पैसे किती तासांनंतर लागतात. दोन्हीला "बघू" असं उत्तर आलं तर लाईनच बरी, तिथं निदान धाब्यावर खाट मिळते.

आणि रिव्हर्स पक्का करून या. लाईनवर सरळ हाकून निभावतं. इथं चाळीस फुटी डबा घेऊन दोन गाड्यांच्या मधल्या फटीत ट्रेलर मागं घालायचा असतो, आणि घोडा डावीकडं वळवला की ट्रेलर उजवीकडं जातो. कळंबोलीला रविवारी मोकळ्या जागेत मी शिकवतो, डिझेल तुमचं.