कचरा म्हणून फेकलेलं वादळ

10 मे 2024, शुक्रवार. अक्षय्य तृतीया होती आणि पुण्यात सोमवारी मतदान. रस्त्यावर प्रचाराचे भोंगे, घरात आमरस-पुरी. माझा मामेभाऊ मोटरसायकलवरून लडाखला गेला होता आणि त्या रात्री नेमका हानलेत मुक्कामी होता. रात्री नऊला त्याचा मेसेज आला, "ताई, आज आकाशात काही दिसेल का? जागू?"

प्रश्न वेडगळ नव्हता. मोठं सौरवादळ आलं तर ध्रुवांकडे दिसणारा रंगीत प्रकाश लडाखमधूनही दिसू शकतो. सूर्यावर 13664 क्रमांकाचा डागांचा समूह पृथ्वीच्या पंधरापट रुंदीचा झाला होता. 8 तारखेपासून त्यानं आपल्या दिशेनं एकामागोमाग एक असे प्रभामंडळाचे, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या तप्त वातावरणाचे, लोट फेकले होते. अमेरिकेच्या अंदाज केंद्रानं 2005 नंतर पहिल्यांदाच जी-4 दर्जाच्या, म्हणजे पाचांपैकी चौथ्या पायरीच्या, वादळाचा इशारा दिला होता. मी लिहिलं, "आलंच तर उत्तरेला क्षितिजाजवळ लालसर. डोळ्यांना कमी, कॅमेऱ्याला जास्त. मी कळवते." कळवणं हे माझं कामच आहे. एका संस्थेत मी सौरवाऱ्याच्या, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोताच्या, मोजण्या स्वच्छ करून आलेख आणि इशारे तयार करणारी प्रणाली सांभाळते. संस्थेचं नाव राहू दे.

बाहेरच्यांना वाटतं, सौरवादळ म्हणजे सूर्यावर स्फोट झाला की इथे गोंधळ. पण लोट किती मोठा आहे यापेक्षा त्याच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र कुठे तोंड करून आहे, हे महत्त्वाचं. त्याचा उत्तर-दक्षिण घटक, आमच्या भाषेत बी-झेड, दक्षिणेकडे म्हणजे वजा झाला, की पृथ्वीच्या क्षेत्राशी त्याची जोडणी होते आणि दार उघडतं. उत्तरेकडे असला तर भलामोठा लोटही फुसका जातो. आणि हे कळतं ते लोट पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरच्या एल-1 बिंदूपाशी, तिथल्या यानांवर आदळतो तेव्हाच. आपलं आदित्य यान तिथेच आहे, अमेरिकेची एस आणि डिस्कव्हरही. एरवी सेकंदाला 400 किलोमीटरचा वारा तिथून इथे यायला तासभर घेतो, तुफानी असेल तर अर्धा तास. आमची सगळी हुशारी या अर्ध्या तासापुरती.

एरवी एल-1 पाशी क्षेत्र असतं पाचेक नॅनोटेस्ला; हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं अगदी बारीक एकक. अलिबागच्या वेधशाळेत पृथ्वीचं आडवं क्षेत्र 38 हजारांच्या घरात भरतं, त्यावरून अंदाज करा. एवढं क्षीण मोजायचं तर यानाचं स्वतःचं चुंबकत्वही आड येतं. म्हणून आदित्यवर सहा मीटरचा दांडा बाहेर काढलाय आणि त्यावर दोन संवेदक आहेत, एक तीन मीटरवर, एक टोकाला. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून यानाची स्वतःची कुरकुर ओळखून वजा करता येते. इतका जीव ओतून मोजलेला आकडा शेवटी माझ्यासारखीच्या प्रोग्राममध्ये येऊन पडतो.

त्या प्रोग्रामला गाळणी आहे, आणि ती लागतेच. थेट प्रसारणात यानाकडून आकडा आला नाही की त्या जागी वजा 999.9 भरलेलं असतं. ते तसंच आलेखात गेलं तर सगळी रेघ तळाला चिकटते. कधी मधूनच एखादा वेडा बिंदू येतो. वर आमच्या सरांचं म्हणणं, "आलेख नीटनेटका दिसला पाहिजे, पाहुणे येतात." पाहुणे वर्षाला चार. 2019 मध्ये मी तीन नियम लिहिले. एक, कुठलाही घटक 40 च्या पलीकडे गेला तर फेका. दोन, शेजारच्या बिंदूंच्या मध्यकापासून 15 नॅनोटेस्लांहून जास्त उडी मारली तर फेका. तीन, बी-झेड सलग दहा मिनिटं वजा 10 च्या खाली असेल तरच इशारा पाठवा. पहिल्या नियमाशेजारी माझ्याच हातची टीप आहे: 'यापुढचं म्हणजे नक्की कचरा.'

2019 म्हणजे सूर्य अगदी निपचित. चाचणीला मी 2017 ते 2019 ची माहिती घेतली. त्यातलं सगळ्यात मोठं वादळ सप्टेंबर 2017 चं, त्यात बी-झेड वजा 30 च्या आसपास गेलं होतं. 40 म्हणजे ऐसपैस वाटलं. नोव्हेंबर 2003 चं वादळ त्याच संग्रहात, दोन फोल्डर सोडून होतं. त्यावर चालवून बघितलं असतं तर गाळणी तिथेच उघडी पडली असती. नाही बघितलं.

तर त्या रात्री दहा वाजून गेल्यावर एल-1 पाशी धक्का पोचला. साडेदहानंतर जमिनीवरच्या चुंबकमापकांनी उडी घेतली. माझ्या मोबाइलवर साडेअकराला आलेख असा: रेघ, मग दरी, मग दोन-चार ठिपके, पुन्हा दरी. इशाऱ्याचा मेसेज नाही. येणार कसा? दर थोड्या वेळानं बिंदू गाळले जात होते आणि सलग दहा मिनिटांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत होती. दरी मला नवी नव्हती. जमिनीवरचा अँटेना बदलताना अशा फटी पडतातच. दुसऱ्या एखाद्या केंद्राचं पान उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण पोटात आमरस, आणि आधीचे फसलेले इशारे आठवत होते. मी हानलेला लिहिलं, "सिग्नल तुटतोय, विशेष काही दिसत नाही. झोप तू."

तो झोपला. त्याच गावातल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यानं पहाटेपर्यंत लाल आकाश टिपलं. सकाळी सातला सहकाऱ्यानं तो फोटो मला पाठवला, खाली फक्त प्रश्नचिन्ह.

ऑफिसात जाऊन आधी गाळणी बंद केली. कच्चा आलेख काढला, तर रेघ खाली जाता जाता गायबच झाली. मला वाटलं, हीच ती फट. मग लक्षात आलं, उभा अक्ष मीच वजा 30 ला थांबवला होता. तो वजा 60 पर्यंत ओढला तेव्हा वादळ कागदावर मावलं. बी-झेड वजा 50 च्या आसपास जाऊन आलं होतं. पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहाचा निर्देशांक, ज्यावरून वादळाचा जोर कळतो, वजा 400 च्या पलीकडे गेला होता. 2003 नंतरचं पहिलं जी-5. आणि माझ्या फेकलेल्या बिंदूंच्या फाइलीत ते जवळजवळ अख्खं बसलं होतं, प्रत्येक ओळीपुढे 'कचरा'.

नुकसान म्हणाल तर कुणाचं झालं नाही, खऱ्या उपग्रहवाल्यांचे आपले वेगळे स्रोत असतात. सरांनी वर कळवलं, "माहितीत खंड पडला." कुणी केलं ते न सांगणाऱ्या वाक्यांना आमच्या क्षेत्रात फार मान आहे. त्याच दुपारी एका चॅनेलवरून फोन आला, मोबाइल बंद पडणार का म्हणून. मी म्हटलं, नाही. त्यांचा रसच गेला.

हे आत्ता लिहायचं कारण वेगळं. त्या वादळावर आदित्यची माहिती आणि सहा अमेरिकी यानं यांची सांगड घालून भारतीय संशोधकांनी अभ्यास केला. दोन लोट वाटेत एकमेकांवर आदळले आणि त्या रेट्यात एका लोटाच्या पोटातच क्षेत्ररेषा तुटून नव्यानं जुळल्या, असं त्यातून दिसलं. तो पट्टा तेरा लाख किलोमीटर रुंद होता. याची खूण कोणती? क्षेत्राची दिशा एकाएकी उलटी होणं. म्हणजे उडी. माझा दुसरा नियम नेमका उड्यांवर टपलेला. जुनी गाळणी त्या तासांवर मुद्दाम पुन्हा चालवली, तर तिनं तेच बिंदू शोधून शोधून काढले. पहिल्या नियमाची लाज वाटते. दुसऱ्याची वाटत नाही, नुसता चटका बसतो, कारण तो आजही अगदी शहाणपणाचा वाटतो.

1859 च्या सप्टेंबरातल्या प्रचंड सौरवादळात कुलाब्याच्या वेधशाळेत कुणी तरी डोळ्यांनी मोजपट्टी वाचून वहीत आकडे लिहीत होतं. क्षेत्र 1600 नॅनोटेस्लांनी कोसळल्याची नोंद त्यातूनच आली. तो आकडा नेमका कुठल्या प्रवाहाचा, यावर अजून वाद आहे. पण वाद घालायला आकडा आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 मध्ये ती मोजणी अलिबागला नेली. गोंगाट नको म्हणून त्यांनी आकडे गाळले नाहीत, वेधशाळाच हलवली.

आता आमचा प्रोग्राम काही फेकत नाही, संशयित बिंदू लाल रंगात दाखवतो. आलेख गोवर आल्यासारखा दिसतो आणि सर नाराज आहेत. तरी इशाऱ्यासाठी एक कमाल मर्यादा लागतेच, ती मी 200 ठेवलीय. परवा नव्या मुलीनं विचारलं, "ताई, 200 कशावरून?" मी म्हटलं, चहा पिऊन येऊ.

मामेभाऊ अजून तो फोटो मला दर 10 मेला पाठवतो. खाली लिहितो, "झोप तू."