गौताळ्याची वाट : आमची वाटचाल

सकाळी संभाजीनगरहून माणसं घ्यायची, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात वाटाड्याबरोबर दिवसभर हिंडवायची आणि दिवेलागणीला परत आणून सोडायची, हा आमचा धंदा. सुरुवात मात्र जंगलापासून झाली नाही. ती झाली २०१२-१३च्या दुष्काळात, एका जुन्या बोलेरोपासून.

कन्नड तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन. मका, कापूस आणि विहिरीनं साथ दिली तर थोडी अद्रक. त्या वर्षी विहीर हिवाळ्यातच आटली. वडील म्हणाले, "वावर कुठं पळून जात नाही, दोन वर्षं शहरात काहीतरी बघ." म्हणून गाडी घेतली आणि वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकांची ने-आण सुरू केली. या दोन्ही लेण्यांना १९८३ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यामुळे गिऱ्हाईक बारमाही. पण गाड्याही तेवढ्याच. रेल्वे स्टेशनबाहेर उभं राहून भाव पाडायचा आणि त्याच भावात डिझेल बसवायचं, असं पहिलं वर्ष गेलं.

अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. बाहेरगावच्या बऱ्याच लोकांना हे इथं उतरल्यावरच कळतं. पुण्याचं एक कुटुंब असंच मंगळवारी अडकलं. मकबरा आणि पाणचक्की दुपारच्या आत संपली, आणि त्यांची मुलगी कंटाळली. मी विचारलं, "आमच्याकडं पितळखोऱ्याला येता का? लेणी वेरूळहून कितीतरी जुनी आहेत, आणि आज उघडी आहेत." दुसरा काही बेत नव्हता, म्हणून आले.

लेणी कड्याच्या कुशीत, वरून दिसत नाहीत. दरीत उतरणाऱ्या लांबलचक पायऱ्या, समोर पावसाळ्यात कोसळणारा धबधबा. माझ्याबरोबर आमच्या गावाजवळच्या वस्तीवरचे एक मामा होते. सगळा जन्म याच डोंगरात गुरं राखण्यात गेलेला. मला लेण्यांची घाई, कारण परत पोचायला अंधार होणार. मामा म्हणाले, "लेणी दावू की. पण जंगल बी बघू द्या त्यांना. कामून पळता?"

वाटेत त्यांनी एक फोडलेलं वारूळ दाखवलं. माती ओली होती, कडेला नखांचे ओरखडे. अस्वल नखांनी वारूळ उकरतं, मग तोंड लावून फुंकर मारून माती उडवतं आणि वाळवी सप्पकन ओढून घेतं. तो आवाज रात्री वस्तीपर्यंत ऐकू येतो, असं त्यांनी सांगितलं आणि करूनही दाखवलं. ती मुलगी वारुळापाशी बसली ती उठेचना. पुढं प्रत्येक वळणाच्या आधी मामा खाकरायचे. का, तर अस्वलाला नीट दिसत नाही, माणूस एकदम पुढ्यात आला की ते घाबरून अंगावर येतं. आधी चाहूल लागली तर आपणहून निघून जातं. हे मी तिथंच वाढूनही इतकं स्पष्ट कधी ऐकलं नव्हतं.

काही महिन्यांनी त्याच कुटुंबाचा फोन आला. नातेवाइकांना घेऊन यायचं होतं. गाडी कोणती, भाडं किती, हे विचारलंच नाही. "मामा आहेत ना त्या दिवशी?" एवढाच प्रश्न. त्या फोननंतर आमच्या धंद्याचा हिशेब उलटा मांडायला घेतला. तोवर गाडी पहिली, डिझेल दुसरं आणि वाटाड्याला जाताना हातावर ठेवले जाणारे पैसे शेवटी. आता कागदावर पहिली रक्कम वाटाड्याची, दुसरी जेवण करणाऱ्या बायांची, मग डिझेल, मग आमची. गिऱ्हाइकानं आदल्या रात्री सहल रद्द केली तरी वाटाड्याला अर्धी मजुरी मिळते, कारण त्यानं त्या दिवशीचं दुसरं काम सोडलेलं असतं. आमचे दर इतरांपेक्षा थोडे जास्त आहेत, त्याचं कारण हेच.

एका वाटाड्यामागं बारा माणसं, त्याहून जास्त नाहीत. तेराव्या माणसाला मामांचं बोलणं ऐकू येत नाही, आणि जनावरांना मात्र तेराही जणांचं सगळं ऐकू जातं. एका मोठ्या कारखान्यानं पन्नास जणांची सहल मागितली, बरोबर स्पीकर आणणार म्हणाले. पैसे चांगले होते. आम्ही नाही म्हणालो. रानात गाणी लावणाऱ्यांना घेऊन जायचं नाही, हे आमचं ठरलेलं आहे आणि ते बदलणार नाही.

लोक फोनवर हमखास विचारतात, हे नॅशनल पार्क आहे का? नाही. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. आमच्याकडं अभयारण्यं आहेत. जायकवाडीचं पक्ष्यांचं, नायगावचं मोरांचं, येडशीचं रामलिंग घाटाचं, आणि हे गौताळा, १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं, अजिंठा-सातमाळा डोंगररांगेतलं. वन्यजीव कायद्यानं राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला पूर्ण बंदी असते, अभयारण्यात काही हक्क राहू शकतात. म्हणून इथं जंगलाच्या कडेला वस्त्या दिसतात, गुराखी भेटतात. मला स्वतःला हे या जंगलाचं उणेपण वाटत नाही. आमचे सगळे वाटाडे त्याच वस्त्यांवरचे आहेत, आणि त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं नाही तर हे जंगल उन्हाळ्यात निव्वळ करडं झुडूप दिसतं.

मराठवाड्यात जंगल आहे, हे मराठवाड्यातल्याच लोकांना सांगावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते चित्र सगळ्या देशानं पाहिलं. त्याच मराठवाड्याच्या उत्तर कडेवर ऑगस्टमध्ये धबधबे कोसळतात, हे कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून आम्ही प्रत्येक गटाला घाटमाथ्यावर नेतोच. दक्षिणेकडं पडलेला पाऊस शिवना नदीत, तिथून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. उत्तरेकडं कडा तुटून खाली खानदेश पसरलेला; तिकडचं पाणी गिरणेत, तापीत आणि अरबी समुद्रात. एकाच माथ्यावरचा पाऊस दोन समुद्रांना जातो. भूगोलाच्या तासाला ‘जलविभाजक’ पाठ केलेली मुलं इथं दोन्हीकडं वळून वळून बघतात, आणि त्यांचे शिक्षकही.

झाडांमध्ये आमचा जीव अंजनावर. आपट्यासारखी जोडपानं, कोवळी पालवी तांबूस, आणि लाकूड इतकं जड नि कठीण की कुऱ्हाड परत फिरते. दुष्काळात याच पाल्यावर गुरं जगतात. सालई, धावडा, खैर, मोह आहेतच. चंदन नाल्यात चंदनही आहे, पण झाडापाशी उभं राहून फोटो काढू देत नाही. चोरांना पत्ता देण्यासारखं आहे ते. फेब्रुवारीत पळस पेटला की शहरातल्या लोकांचे फोन वाढतात. मात्र एप्रिल आणि मे आम्ही बंद ठेवतो. शाळांना सुट्ट्या असतात, मागणी सगळ्यात जास्त तेव्हाच, तरीही बंद. त्या दिवसांत पाणवठे मोजके राहतात, जनावरं तिथंच येतात, मोहाखाली अस्वलं येतात. आपण तिथं गर्दी केली तर त्यांनी प्यायचं कुठं?

लेण्यांविषयीही थोडं सांगायला हवं, कारण लोक अजिंठा-वेरूळच्या सावलीत हे विसरतात. पितळखोरा इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातलं आहे. भिंतींवरच्या लेखांत पैठणच्या एका गंधिकाचं, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं दान कोरलेलं आहे. प्रतिष्ठाननगरीतून, म्हणजे जुन्या पैठणमधून, निघालेला माल याच घाटातून उत्तरेला जायचा. हत्तींची रांग दगडात अजून उभी आहे. जिन्याशेजारी पाच फण्यांचा नाग आहे, त्याच्या तोंडांतून पाणी बाहेर पडावं अशी सोय त्या कारागिरांनी केली होती. इथं सापडलेला एक हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि त्याच्यावर घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे: कान्हदास, धंद्यानं सोनार. कलाकाराचं नाव इतक्या जुन्या काळातून आपल्यापर्यंत पोचलं, तेही आमच्या कन्नडच्या डोंगरातून. हे सांगताना मला दर वेळी अभिमान वाटतो.

घाटाखाली पाटणादेवीचं देऊळ, पण ते चाळीसगाव तालुक्यात, जळगाव जिल्ह्यात. तिथल्या १२०७ सालच्या शिलालेखात थोर गणिती भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा उल्लेख आहे. गणिताचे शिक्षक बरोबर असले की त्या दिवशी लेणी लवकर आटपतात.

२०२०च्या मार्चमध्ये सगळं थांबलं. गाडीनं त्या काळात अद्रक आणि भाजी शहरातल्या सोसायट्यांमध्ये पोचवली, घर त्यावर चाललं. मग २०२१च्या मार्चमध्ये बातमी आली: गौताळ्यात वन खात्याच्या कॅमेऱ्यात वाघ! कित्येक दशकांनी. यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला तरुण नर. फोन वाजायचे थांबेनात. "वाघ दाखवता का?" प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, की नाही. एवढ्या मोठ्या डोंगरात एकटं फिरणारं जनावर, त्याला जागा शोधू द्यावी. वाघाच्या नावावर त्या वर्षी भरपूर कमावता आलं असतं. पण मामा जे दाखवतात ते खरं असतं म्हणून लोक आमच्याकडं येतात, तिथं खोटी आशा विकून चालणार नाही. बिबट्याचे ठसे, नीलगाय, भेकर, वानरांचा खकारा, मोर, सर्पगरुड, एवढं मिळालं तर दिवस भरून पावला म्हणायचा.

त्याच वर्षी ३१ ऑगस्टला पहाटे कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळल्या. खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, जनावरं वाहून गेली, दुकानं चिखलानं भरली. घाट बंद, पाटणादेवी बंद. आमचे वाटाडे तेव्हा घाटात अडकलेल्या ट्रकवाल्यांना पाणी-भाकरी पोचवत होते. सहली पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आम्ही घाटउताराचा भाग मुसळधार पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी वगळायचा नियम केला. पैसे परत देतो, वाद घालत नाही.

दुपारचं जेवण वस्तीवरच्या बचत गटाच्या बाया करतात. ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, हंगामात सीताफळं. पत्रावळीवर वाढतात, प्लास्टिकची बाटली आत न्यायचीच नाही, प्रत्येकाला गाडीतच तांब्याची बाटली मिळते. एक मावशी आग्रह करून वाढतात आणि कुणी कमी खाल्लं तर नाराज होतात. पाहुण्यांची मनं आम्ही जिंकतो ती निम्मी त्यांच्या चुलीपाशी.

मामांचे गुडघे आता दुखतात, पितळखोऱ्याच्या पायऱ्या ते उतरत नाहीत. त्यांचा भाचा आणि बचत गटातल्या घरच्या दोन मुली तयार झाल्या आहेत. दोघींपैकी थोरली पक्षी आवाजावरून ओळखते. तांबटाची टुकटुक सगळेच ओळखतात, पण नवरंग झाडीत कुठं बसलाय हे ती बोट दाखवून सांगते. या हिवाळ्यात त्या दोघी स्वतंत्रपणे गट घेतील, आणि मजुरी मामांइतकीच. अंतूर किल्ल्याची वाटही त्याच सुमारास सुरू करतोय, चढ आहे म्हणून फक्त चालायची सवय असलेल्यांसाठी.

नाव नोंदवताना एवढंच सांगा, की बरोबर लहान मुलं आहेत का आणि कुणाला गुडघ्याचा किंवा दम्याचा त्रास आहे का. लेण्यांच्या पायऱ्या घ्यायच्या की गौताळा तलावाकाठची सपाट वाट, हे त्यावरून मामा आदल्या दिवशी ठरवतात.