चित्रकलेच्या तासाला सिनेमा कशाला, बाई?

पालकसभेत विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात, परवा एका लग्नात जेवताना शेजारच्या बाईंनीही विचारलं. दर वेळी मी हसून वेळ मारून नेते. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सांगूनच टाकते.

मुळात मी सिनेमा दाखवत नाही. ३५ मिनिटांच्या तासात खिडक्यांना चादरी लावण्यात आणि प्रोजेक्टरची वायर जुळवण्यातच दहा मिनिटं जातात. तोही तास गणिताच्या सरांनी पोर्शन राहिलाय म्हणून मागून घेतला नसेल तर! दाखवते ती आठ-दहा सेकंदं, आवाज बंद करून. मग चित्र थांबवायचं आणि विचारायचं, उजेड कुठून येतोय? कॅमेरा कुठे ठेवलाय? तिथेच का ठेवला असेल?

स्मरणचित्राचंच घ्या. ‘बाजारातील दृश्य’ म्हटलं की वर्गातल्या साठही वह्यांत एकच बाजार भरतो. मधोमध छत्री, छत्रीखाली भाजीवाली, कडेला फुगेवाला, आणि झाडून सगळे आपल्याकडे तोंड करून. हे बघणारा कुठे उभा आहे, असं विचारलं की वर्ग गप्प. थांबवलेल्या दोन-चार दृश्यांवर बोलून झालं की हात सुटतात. एका मुलीने कॅमेरा भाजीच्या पाटीमागे नेला होता. पुढ्यात मेथीच्या भल्यामोठ्या जुड्या, त्यांच्या फटींतून गिऱ्हाइकांचे पाय आणि लोंबणाऱ्या पिशव्या. चेहरा एकही नाही, पण बाजार पुरेपूर.

म्हणजे परीक्षेलाही उपयोग होतो, हे पालकांना मी आवर्जून सांगते. चित्रकलेच्या सरकारी इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळाली की दहावीला सात गुण वाढतात, तेव्हा ते ऐकून घेतात. खरं कारण मात्र ते नाही.

‘सिनेमाचा आणि चित्रकलेचा काय संबंध?’ असं कुणी म्हटलं की मला दादासाहेब फाळक्यांची आठवण करून द्यावी लागते. १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेलेला हा माणूस. १९१२ मध्ये कुंडीतला वाटाणा उगवताना रोज थोडा थोडा टिपून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ केली, ती दाखवून भांडवल उभं केलं, आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. आम्ही वर्गात मटकीवर हेच करतो, फक्त कॅमेऱ्याऐवजी पेन्सिलीने. रोज एक कार्ड. गठ्ठा फरफर उलटला की कोंब सरसर वर येतो आणि मध्येच एकदम उडी मारतो. ती रविवारची सुट्टी! कोकणातल्या पिंगुळी गावच्या चित्रकथींची पोथी आठवा. एकेक चित्र पुढे सरकवत गाण्यातून कथा सांगायची. आपल्याकडे हे काही विलायतेहून आलेलं नाही.

हे एवढं ठासून सांगतेय, पण एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून नुकतीच नोकरीला लागलेली तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. ती कार्टून काढणाऱ्या पोरांना वही पालथी ठेवायला लावायची. ती म्हणते, अंधार केला की साठ पोरं गप्प बसतात, म्हणून तुला हे आवडतं. खोटं नाही ते. ती असंही म्हणते की तासभर मडक्याकडे टक लावून बसल्याशिवाय हाताला वळण लागत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या मुलांची स्थिरचित्रं पूर्वीच्या मुलांइतकी बसत नाहीत, हे मला दिसतं.

आता चेंडूचं सांगते. सातवीला मी उसळता चेंडू देते. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम्स, ॲनिमेशनवाले पुष्कळदा एक चित्र दोन फ्रेम्स ठेवतात, म्हणजे बारा चित्रांत एक सेकंद. खाली येताना चेंडू लांबट, टेकताना चपटा, वर पोचला की पुन्हा गोल. आमच्याकडे खालून उजेड देणारं लाइट टेबल नाही, म्हणून मुलं खिडकीच्या काचेवर कागद धरून खालचं चित्र बघत पुढचं काढतात. मागच्या बाकावरच्या एका अबोल मुलाने टेकलेला चेंडू असा काही चपटा केला होता की बघतानाच आपटल्याचा आवाज यावा.

नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आले. त्यांनी नेमका तोच कागद उचलला. ‘चेंडू असा असतो का रे?’ मुलगा गप्प. साहेबांनी खिशातलं लाल पेन काढून त्या चपट्या चेंडूवर एका झटक्यात वर्तुळ काढलं. खोटं कशाला बोलू, वर्तुळ अप्रतिम होतं. कंपास लागला नसता. मी लगेच बाराही कागद जुळवून त्यांच्यासमोर फरफर उलटले, चपटा का केलाय ते सांगितलं. त्यांनी नीट ऐकलंही. ‘छान आहे,’ म्हणाले, ‘पण बाई, वह्या कोऱ्या आहेत. मी काय तपासू?’ शेरा पडला, ‘चित्रकला वह्या अपूर्ण.’

पुढच्या आठवड्यात तो मुलगा सगळी चित्रं नव्याने काढून घेऊन आला. बाराही चेंडू आईची बांगडी ठेवून गिरवलेले. एकसारखे, स्वच्छ. मी गठ्ठा उलटला. चेंडू कॅरमच्या स्ट्रायकरसारखा सरकत खाली आला आणि सरकत वर गेला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, ‘आता तो पडत नाही बाई. नुसता खाली येतो.’

हे त्याला आपणहून दिसलं होतं. माझ्या लेखी सातवीची चित्रकला तिथे झाली. पण त्याने लगेच विचारलं, ‘मग परीक्षेत कुठला काढू?’

‘परीक्षेत बांगडीचा,’ मी म्हणाले.

दुसरं काय सांगणार होते? पुढे त्याला इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली. त्याची आई पेढे घेऊन आली, ‘तुमच्यामुळे झालं बाई’ म्हणाली. मी दोन पेढे खाल्ले. आनंद झालाच होता. त्या दिवशी कुठल्या चेंडूचे पेढे खाल्ले ते मात्र मला आजही ठरवता येत नाही. साहेबांवरचा रागही कधी येतो, कधी येत नाही. शाळा वह्यांवर चालते, हे काही त्यांनी ठरवलेलं नाही.

हल्ली मी चित्रांचे गठ्ठे एका कडेने वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवून घेते. उलटताही येतात आणि वही भरलेलीही दिसते. यंदाच्या सातवीचा चेंडू अजून सुरू झालेला नाही, प्रोजेक्टर दुरुस्तीला गेलाय. तोवर टेबलावर मडकं ठेवलंय. त्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ अजून एकालाही धड जमलेलं नाही.