एकाच थराचा चुंबक

परभणीत मी बीएस्सीच्या वर्गाला भौतिकशास्त्र शिकवते. चुंबकत्व सुरू झालं की कुणीतरी विचारतंच: "मॅडम, चुंबक पातळ करत करत अणूंचा एकच थर उरला, तर तो चुंबक राहील का?"

राहतो, पण सगळ्याच पदार्थांत नाही.

चुंबकातल्या अणूंचे स्पिन, म्हणजे प्रत्येक अणूची जणू इवलीशी चुंबकसुई, एकाच दिशेला वळलेले असतात. उष्णतेने एखादा कलतो, शेजारच्याला कलवतो आणि तो कल पुढे सरकत जातो. निसवलेल्या ज्वारीवरून वारा गेला की कणसांवरून लाट धावते, ताटं मात्र जागेवरच असतात, तसंच हे. हा स्पिन तरंग फेलिक्स ब्लॉख यांनी 1930 साली मांडला. त्याच्या ऊर्जेचा पुंज, म्हणजे सर्वांत लहान हप्ता, म्हणजे मॅग्नॉन.

जाड चुंबक थंड केला की मॅग्नॉन मोजकेच उरतात. एकाच थरात मात्र लांबलचक तरंग जवळपास फुकटात उठतात, आणि इतके उठतात की सगळी शिस्त मोडते. मर्मिन आणि वॅग्नर यांनी 1966 मध्ये हे सिद्धच केलं: स्पिनला सगळ्या दिशा सारख्या असतील आणि त्यांचं नातं फक्त जवळपासच्या स्पिनशी असेल, तर द्विमितीय थरात शून्य केल्विनच्या वर चुंबकत्व टिकत नाही.

सुटका आहे ती त्या 'सारख्या'मध्ये. क्रोमियम ट्रायआयोडाइडमध्ये, मुख्यतः आयोडीनच्या जड अणूंमुळे, स्पिनला थराशी काटकोनातली दिशाच पसंत असते. तिथून हलवायला किमान काही ऊर्जा मोजावीच लागते. मॅग्नॉन फुकट मिळेनासा झाला की थर तगतो. 2017 मध्ये चिकटपट्टीने सोलून काढलेला असा एकच थर 45 केल्विनपर्यंत, म्हणजे उणे 228 अंश सेल्सिअसपर्यंत, चुंबक राहिल्याचं दिसलं. जाड स्फटिकाची मर्यादा 61 केल्विन आहे.

हे मॅग्नॉन दिसतात कसे? न्यूट्रॉनचा मारा करून ते पाहता येतात, पण त्या प्रयोगाला मोठा स्फटिक लागतो. एका थरात तेवढा मालच नसतो. म्हणून लेसर टाकतात. विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो, आणि तो सरकला तेवढी मॅग्नॉनची ऊर्जा. 1928 चा रामन परिणाम इथे असा कामी येतो. मुलांना हे सांगताना मला खरंच आनंद होतो.

उपयोगाचं म्हणाल, तर मॅग्नॉन इलेक्ट्रॉन न वाहवता संदेश नेतो, त्यामुळे तारेसारखी उष्णता होत नाही. पण क्रोमियम ट्रायआयोडाइड हवेतल्या ओलाव्याने खराब होतं. माझी आशा क्रोमियम सल्फाइड ब्रोमाइडवर आहे: ते हवेत टिकतं, आणि त्याची चुंबकीय शिस्त 132 केल्विनपर्यंत राहते. तेवढ्या थंडाव्याला द्रव नायट्रोजन पुरतो.