भट्टीतलं कुणी नीट लिहीतच नाही

सोलर सेलवर काम करणारी आमची मंडळी नॅनोपार्टिकलचे फोटो फार कौतुकाने दाखवतात, बघा किती एकसारखे कण, १५-२० नॅनोमीटर वगैरे. पण खरं सांगू का, सेल बनतो तो फर्नेसमध्ये आणि बिघडतो पण तिथेच.

मी बोलतोय सीझेडटीएसबद्दल, म्हणजे तांबं, जस्त, कथील आणि गंधक यांचं संयुग, सेलमध्ये ऊन शोषणारा थर याचाच. महागडं इंडियम नको, बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) साधारण १.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि प्रकाश जोरदार शोषतं, त्यामुळे एक-दोन मायक्रॉनची फिल्म पुरते. कण ओलिलअमाइन नावाच्या सेंद्रिय द्रवात बनवायचे, त्यांची इंक करायची आणि मॉलिब्डेनम धातू (हा सेलचा मागचा इलेक्ट्रोड) चढवलेल्या काचेवर पसरवायची. फिल्म दिसते मस्त काळपट, पण करंट विचाराल तर नावालाच, कारण प्रत्येक कणाला त्या अमाइनच्या लांबलचक साखळ्या चिकटलेल्या आणि एका मायक्रॉनच्या जाडीत पन्नासेक कण एकावर एक, मग चार्ज कुठे ना कुठे अडकणारच ना.

म्हणून तापवायचं. ३०० अंशांच्या आसपास सेंद्रिय भाग निघायला लागतो, फिल्म आकसते, आणि थर एकदम जाड दिला असेल तर सरळ भेगा पडतात. त्यापेक्षा पातळ थर, हॉटप्लेट, परत थर, परत हॉटप्लेट. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

खरी मारामारी ५०० च्या पुढे. कण एकमेकांत मिसळून मोठे ग्रेन, म्हणजे स्फटिक, होतात, एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघायची चाचणी) २८.५ अंशांजवळचा पसरट पीक अरुंद होतो, आपण खूश. पण नेमकं त्याच तापमानाला कथील पळायला लागतं, टिन सल्फाइडची वाफ होऊन, आणि मागे उरतं कॉपर सल्फाइड नि झिंक सल्फाइड. यातलं कॉपर सल्फाइड जवळपास धातूइतकं वाहतं, म्हणजे सेल शॉर्टच. म्हणून सॅम्पल ग्रॅफाइटच्या डबीत, शेजारी गंधक, कधी चिमूटभर टिन, आणि वर झाकण, मोदकाच्या भांड्यावर ठेवतो तसं, वाफ आत कोंडली की कथील जागेवर राहतं. गंधक जास्त झालं की मात्र ते खालच्या मॉलिब्डेनमला खातं, तिथे सल्फाइडचा जाड थर बसतो आणि सिरीज रेझिस्टन्स, म्हणजे करंटच्या वाटेतला अडथळा, वाढतो.

आणि नुसत्या एक्सआरडीवर विसंबू नका हं, झिंक सल्फाइडचे पीक सीझेडटीएसच्या पीकवरच येऊन बसतात, रमण स्पेक्ट्रम काढा (लेसर मारून विखुरलेला प्रकाश बघायचा), ३३८ सेमी⁻¹ च्या आसपासचा सीझेडटीएसचा पीक बघा.

गंधकाऐवजी सेलेनियम वापरलं तर अजून एक प्रकार बघायला मिळतो. फिल्म तोडून कडेने एसईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, धरली की वर मोठमोठे ग्रेन आणि खाली बारीक कणांचा कार्बनने भरलेला थर, त्या अमाइनच्या साखळ्यांची घाण पूर्ण गेलेलीच नसते.

एवढं सगळं डबीवर अवलंबून, आणि पेपरात काय लिहितात? ‘५५० अंशांना अनील केलं’, म्हणजे तापवून ठेवलं, बस. अरे बाबा, डबी केवढी, गंधक किती, प्रेशर किती, गार किती वेळात केलं, ते कोण सांगणार?