पांढऱ्या गाडीचा लाल कान

"गाडी पांढरी आणि डाव्या बाजूचा आरसा लाल, हे कसे काय?" हा प्रश्न सोसायटीच्या वॉचमनपासून पेट्रोल पंपावरच्या मुलापर्यंत सगळे मला विचारतात. काहींना ती हौस वाटते, काहींना चिक्कूपणा. आमच्या मेहुण्यांनी तर दृष्ट लागू नये म्हणून केले आहे का, असेही विचारून घेतले. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तरच लिहितो.

मागच्या डिसेंबरात नाशिकला रविवार कारंजाजवळच्या गर्दीत डावीकडून पुढे घुसणारी एक रिक्षा माझ्या आरशाला घासून गेली. काच फुटली, आरशाची मागची टोपी उडून एका टेम्पोखाली चिरडली गेली आणि उरलेला सांगाडा वायरीला लोंबकळत राहिला. रिक्षावाला थांबला नाही. थांबला असता तरी भांडायला तिथे जागा नव्हती.

चौकशी केली तेव्हा कळले की नवा घ्यायचा तर अख्खा आरसाच घ्यावा लागेल आणि त्याची टोपी रंगवून घेण्याचा खर्च वेगळा. गाडी अकरा वर्षांची आहे. तेवढे पैसे घालण्याआधी नेमके मोडले काय ते पाहावे, म्हणून दरवाज्याच्या आतली तिकोनी पट्टी काढली, तीन नट सोडवले, वायरीची पिन उपसली आणि आरसा घरी टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर उघडला. दरवाज्याला बसणारा पाया शाबूत होता. काच वर-खाली आणि आत-बाहेर फिरवणाऱ्या दोन चिमुकल्या मोटरी, साध्या नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या तारा टेकवताच, आळीपाळीने कुरकुरत फिरल्या. म्हणजे मला हव्या होत्या दोनच वस्तू: मागच्या प्लेटसकट काच आणि टोपी. शिवाय सांगाड्याच्या कडेला बोटभर तडा गेला होता, तो सांधायचा होता.

काचवाल्याकडून त्याच मापाचा साधा आरसा कापून चिकटवण्याचा सल्ला मला निदान चौघांनी दिला. तो मी मानला नाही. डावीकडची काच सपाट नसते, बाहेरच्या बाजूला किंचित फुगीर असते, आणि त्यामुळेच तेवढ्याशा तुकड्यात रस्त्याचा रुंद पट्टा मावतो. मागची वाहने आहेत त्यापेक्षा लहान आणि लांब दिसतात ती त्याचीच किंमत. काही काचांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'एसआर' आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो, तो या गोलाईच्या त्रिज्येचा, मिलिमीटरमध्ये. युरोपातल्या नियमाप्रमाणे मोटारीच्या बाजूच्या आरशासाठी ही त्रिज्या १,२०० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. सपाट काच बसवली असती तर चित्र मोठे आणि सुबक दिसले असते, पण ज्या रिक्षाने आरसा फोडला, नेमकी तसली रिक्षाच त्यात दिसली नसती.

अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये हटवला, तरी त्या भागातून भंगाराची दुकाने कायमची गेली नाहीत. तिथल्या एका शेडमध्ये आरसे लसणाच्या माळेसारखे वायरींनी टांगलेले होते. माझ्या मॉडेलची काच सापडली; प्लेटच्या मागची लॉक, म्हणजे टक् करून अडकणारे प्लास्टिकचे दात, मी माझ्या मोटरीवर ताडून पाहिली आणि ती जुळली. टोप्या मात्र दोनच निघाल्या. पांढरी होती, पण तिची दोन लॉक तुटलेली. लाल होती, तिची सगळी शाबूत. मी पांढरीच उलटसुलट करत राहिलो, तेव्हा दुकानातले चाचा म्हणाले, "साहेब, रंग कोणी पण मारून देईल. लॉक कोण बनवून देणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. काच आणि टोपी मिळून साडेसहाशे रुपयांना आणली.

तड्याचे काम मला सर्वांत आवडले. सांगाड्याच्या आतल्या बाजूला 'एबीएस' अशी खूण होती, आणि हे प्लास्टिक अॅसिटोनमध्ये विरघळते. फुटलेल्या टोपीचे जे तुकडे मी रस्त्यावरून गोळा केले होते, त्यांवरही तीच खूण होती. ते कात्रीने बारीक करून, झाकणाच्या काचेच्या बाटलीत थोड्या अॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवले. सकाळी मधासारखा दाट लगदा तयार झाला होता. तो आतल्या बाजूने तड्यात भरला आणि दोन दिवस हात लावला नाही. हे सगळे गॅलरीत केले, कारण अॅसिटोनची वाफ झटकन पेट घेते आणि स्वयंपाकघर शेजारीच आहे. पाया मात्र वेगळ्या प्लास्टिकचा असतो. तो मोडला असता तर हा उपाय चालला नसता.

भंगारातली काच एका कोपऱ्यात प्लेटपासून सुटली होती. तिथे फेविक्विक लावण्याचा मोह मी आवरला, कारण त्याने काचेवर पांढरट धुरी बसते आणि गाडीच्या हादऱ्यांनी तो सांधा कडकन तुटतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉनही टाळले, कारण ते आरशाच्या पाठीचा लेप खाते. बिनवासाचे, न्यूट्रल म्हणून मिळणारे सिलिकॉन वापरले.

चूक झाली ती बसवताना. सकाळी सातला, नाशिकच्या थंडीत, उत्साहाने काच दाबायला गेलो आणि प्लेटचे एक लॉक मोडले. गारठ्यात प्लास्टिक ठिसूळ होते, हे मला माहीत होते आणि तरीही मी तेच केले. मग मुकाट्याने दुपारपर्यंत थांबलो, प्लेट बॉनेटवर उन्हात ठेवली, वरून हेअर ड्रायर फिरवला आणि फडक्यावर तळहात ठेवून मधोमध सावकाश दाबली. टक्, टक्, टक् असे तीन आवाज आले. चौथा येणार नव्हताच, पण तीन लॉकवर काच आजपर्यंत थरथरलेली नाही.

राहिला रंग. मुंबई नाक्याजवळच्या पेंटरने टोपी पाहिली, गाडीही पाहिली आणि सरळ सांगितले की अकरा वर्षे उन्हात राहिलेल्या पांढऱ्याशेजारी ताजा पांढरा उठून दिसेल. दोन निराळ्या पांढऱ्यांपेक्षा मला एक लाल बरा वाटला. पार्किंगमध्ये गाडी शोधताना सौभाग्यवतींना त्याचा उपयोगच होतो, हे त्या कबूल करत नाहीत ते सोडा.

गेल्या आठवड्यात चाचांचा फोन आला होता. उजव्या बाजूची लाल टोपी त्यांच्याकडे आली आहे आणि त्यांनी ती माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. मी अजून गेलेलो नाही.