दिवे घाटात मोजा काढला तेव्हा

लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानात मी 19 वर्षं काउंटरमागे उभी आहे. डाव्या पोटरीवर निळ्या शिरा गाठींसारख्या वर आल्या, संध्याकाळी घोटे सुजायला लागले. डॉक्टरांनी आधी पायांतलं रक्ताभिसरण तपासलं आणि मगच गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन सॉक्स लिहून दिले. दाब 20 ते 30 मिलिमीटर पारा. ते मोजे घालून यंदा पहिल्यांदा माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालले.

भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून पालखी सकाळी लवकर निघते. मी पहाटे साडेचारला, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधीच मोजे चढवले. रात्री सूज उतरलेली असते. घरात तासभर वावरलं की पाय भरतो आणि मोजा धड बसत नाही. तो टाचेपर्यंत उलटा करायचा, चवडा आत सरकवायचा, टाचेची खोळ टाचेवर आली की मग थोडा थोडा वर न्यायचा. काठ धरून ओढायचा नाही. मी भांडी घासायचे रबरी हातमोजे घालते, पकड चांगली येते आणि नखं लागत नाहीत. तेल-क्रीम काय ते रात्री.

हडपसरपर्यंत टाळांच्या नादात पाय आपोआप पडत होते. चालताना पोटरी आवळते, सैलावते आणि रक्त वर ढकलते. घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि वर सैल होत जाणारा मोजा तिला हात देतो. काउंटरशी दुपारी चारला ठणकणारे पाय त्या दिवशी शांत होते.

चूक वडकीनंतर केली. उकाडा होता, काठ घामाने चावत होता, म्हणून तो दुमडून खाली घेतला. घाट अर्धा चढले नसेन, तोच डाव्या पायाची बोटं बधिर झाली. कडेला बसून मोजा काढला. बोटं गार, निळसर, आणि दुमडीच्या जागी खोल लाल वळ. दुहेरी झालेल्या काठाचा पायाला फासच बसला होता. पाय दगडावर उंच ठेवला. जादा बैल जोडलेला माउलींचा रथ समोरून वर गेला तेव्हा बोटांत रंग परतत होता, आणि मी रडत होते. पाय पुरता पूर्ववत झाल्यावर मोजा पुन्हा घातला, सुरकुत्या हाताने सपाट केल्या, काठ गुडघ्याखाली दोन बोटं ठेवला.

शेजारी एक मावशी टेकल्या होत्या. "माउली, दुसरी जोडी असंल तर दे की गं, माझं बी पाय सुजलेत." वारीत कुणाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण बोलता बोलता कळलं, त्यांना बरीच वर्षं साखर आहे आणि पायातली चप्पल निसटली तरी समजत नाही. मला बोटं बधिर झाल्याचं कळलं तरी. त्यांना तेही कळलं नसतं. त्यात पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद झालेल्या असल्या, तर असा दाब घातक. शिवाय माझे मोजे माझ्या घोट्याच्या आणि पोटरीच्या मापाचे. "मावशी, हे औषधासारखं आहे, एकाचं दुसऱ्याला चालत नाही," म्हटलं आणि त्यांना हाताला धरून वाटेवरच्या आरोग्य पथकाकडे नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचे तळवे बोटाबोटांमधून पाहिले. एक फोड फुटलेला होता. मावशींना त्याचा पत्ताच नव्हता.

सासवडला मुक्कामी मोजे काढले, साबणाच्या पाण्यात हाताने धुतले, न पिळता टॉवेलात दाबून शाळेच्या व्हरांड्यातल्या दोरीवर टाकले. रात्री पाऊस आला. सकाळी ते दमटच होते, म्हणून पिशवीतली कोरडी जोडी काढली आणि अंथरुणातच बसून घातली.